प्रेरणाचा उजवा पाय

प्रेरणा परत आली त्या दिवशी गावच्या फाट्यावर तिला तिचाच फोटो सामोरा आला. भला मोठा फ्लेक्स होता. वर ‘हार्दिक अभिनंदन’, खाली ‘भावी लेफ्टनंट’, मधे आमची नात हाताची घडी घालून उभी. आणि त्या फ्लेक्सखालून माझ्या मुलाची, सचिनची, पांढरी गाडी खड्डे चुकवत आली. मागच्या सीटवर तीच नात पाय लांब करून बसलेली आणि शेजारी दोन कुबड्या. पाच महिन्यांपूर्वी याच फाट्यावरून तिला डफडं वाजवत पाठवलं होतं. मी त्या दिवशी फेटा बांधला होता, आणि फेटा बांधायची सवय नसल्यानं तो भाषणाच्या मधेच डोळ्यांवर आला होता. त्यावर अजून हसतात लोक.

गाडी अंगणात थांबली. मी दार उघडायला धावलो. ती म्हणाली, “आबाजी, हात नका लावू. माह्यी मी उतरते.”

उतरली. कुबड्या काखेत घेतल्या आणि उजवा पाय हवेत धरून ओट्यापर्यंत आली. तिची आजी, आनंदाबाई, भाकरीचा तुकडा ओवाळायला म्हणून घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

सचिनचं घर वर्ध्यालगत सिंदी मेघेला दुसऱ्या माळ्यावर आहे आणि तिला पायऱ्या बंद होत्या, म्हणून आमच्याकडे, देवळीपलीकडच्या या खेड्यात आणली. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की तिथल्या कॉलनीत दर दारात कुणीतरी उभं असतं आणि विचारतं. आमच्या गावात विचारत नाहीत असं नाही, पण इथं मी आहे. मला कुणी एक विचारलं की मी त्याला चार गोष्टी सांगतो, आणि विचारणारा आपला प्रश्न विसरून घरी जातो.

ही पोरगी पहिल्यापासून पळणारी. तिसरीत असताना सुट्टीत इथं राहायला आली, तर रोज दुपारी चारच्या एसटीबरोबर शर्यत लावायची. फाटा ते मारुतीचं देऊळ. गाडी वळणावर हळू होते, तेवढ्यात ही पुढे. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खाली उतरला आणि मला म्हणाला, “बुढेबाबा, पोरीले आवरा. मी मुद्दाम हळू चालवतो, आन् तिकडं देवळीत माह्या नावानं लेट मार्क लागते.” मी हे प्रेरणाला कधी सांगितलं नाही. ती अजून समजते की तिनं एसटीला आठ वेळा हरवलं. आता वाचेल तर वाचू द्या.

तर अशी पोरगी कॉलेजात एनसीसीत गेली, परीक्षा दिली, पाच दिवसांची ती अवघड मुलाखत पास झाली आणि दक्षिणेतल्या अकादमीत अधिकारी व्हायला गेली. तिथं पाठीवर ओझं, हातात रायफल आणि मैलोन् मैल धावणं. चौदाव्या आठवड्यात उजव्या जांघेत कळ यायला लागली. तिनं तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की मागच्या तुकडीत टाकतात, ही भीती. मग एका सकाळी पाय उचलेचना. मोठ्या मशीनमधे घालून फोटो काढला, तेव्हा खुब्याजवळ मांडीच्या हाडाला केसाएवढी भेग निघाली. त्यांनी तिला नीट सांगितलं: बरी हो, थांब, पुढच्या तुकडीत बस, नाहीतर सही करून घरी जा. आपल्या बरोबरच्या मुली पुढे जाताना पाहायच्या हे तिला सोसलं नाही. रागाच्या भरात सही केली. राग तीन दिवस टिकला. सही मात्र कायमची राहिली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर आहेत, रीताताई. बारीक अंगाच्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं मोजकं. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. मी ते माझ्या भाषेत असं समजलो: खुरप्याच्या दांड्याला पात्याजवळ चीर पडते. जपून ठेवलं तर ती चीर तिथंच राहते. जोर दिला की दांडा हातात आणि पातं जमिनीत. या ठिकाणचं हाड सरकलं तर आतला रक्तपुरवठा तुटतो, आणि मग तेविसाव्या वर्षी खुबा बदलायची पाळी येऊ शकते. आठ आठवडे पाय टेकायचा नाही.

“आणि एक लक्षात ठेव,” डॉक्टर तिला म्हणाल्या. “ही भेग साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. त्यामुळं दुखतं की नाही, हे तू सांगशील तेच मला खरं धरावं लागेल.”

“हो मॅडम,” प्रेरणा म्हणाली. असं ताठ म्हणाली, की सलाम ठोकते की काय वाटलं.

पुन्हा भरती होण्याचा एक रस्ता उरला होता. वयाच्या हिशेबानं एकच खेप. डिसेंबरच्या शेवटपर्यंत अर्ज, मार्चमधे निवड मंडळापुढे जाणं, आणि तिथं धावणं, उड्या मारणं आलंच. म्हणजे डिसेंबरात डॉक्टरांनी ‘आता धाव’ म्हटलं तरच काही. ती तारीख तिनं तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर लिहिली नाही. पण मी पाहिलं, ती त्या पानाशी रोज थांबायची.

आठ आठवडे घर कसं चाललं म्हणता! पहाटे पाचला ही उठलेली. चादरीच्या घड्या अशा की सुरीनं कापल्यासारख्या. खाटेवर बसून हातांचे व्यायाम. आनंदाबाईनं जवसाचे आणि डिंकाचे लाडू करून करून डबा भरला. शेजारची सुमित्राबाई रोज दही घेऊन यायची आणि दह्याबरोबर एक प्रश्न आणायची.

“सुट्टी किती दिवसाची हाय वं माय?”

“मोठी हाय,” मी मधेच सांगायचो.

“मोठी म्हणजे केवढी?”

“तुमची गंगी भाकड राह्यते तेवढी,” मी म्हणायचो. मग गंगी म्हशीचा विषय निघायचा आणि तो तासभर पुरायचा. प्रेरणा तिकडे भिंतीकडे तोंड करून असायची. फ्लेक्स काढून टाकावा असं मला वाटायचं, पण काढला तर लोक विचारणार आणि ठेवला तर तीच पाहणार. शेवटी वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सुटला आणि तो फडफडत राहिला.

संध्याकाळी तिचं मन रमावं म्हणून मी गोष्टी सांगायचो. माझ्याकडे गोष्टींना तोटा नाही. त्यातली चांद्याची गोष्ट तिला लहानपणापासून आवडायची. तीही सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं.

चांद्या माझा उजवीकडचा बैल. कपाळावर पांढरा ठिपका. एका वर्षी वखराला त्याचा पुढचा पाय दुखावला, आत कुठंतरी, खांद्यात. विश्रांती दिली की लंगड दिसेनाशी व्हायची, आणि शंभर पावलं चालला की पुन्हा दिसायची. पेरणी तोंडावर. मग मी काय केलं, चार दिवस त्याला गोठ्यातून हलवला नाही. पायावर थंड पाण्याच्या चिंध्या ठेवल्या. बाजाराच्या दिवशी सगळे आपापले बैल पायी घेऊन निघाले आणि माझा चांद्या टेम्पोत! लोक म्हणाले, अण्णाजी, बैल हाय की नवरदेव? मी म्हटलं, नवरदेवच हाय, त्याले धूळ चालत नाई. बाजारात गिऱ्हाइकापुढे त्याला दहा पावलं चालवला. दहाच. ताठ चालला पठ्ठ्या. विकला गेला. आणि मी परत येताना त्याच टेम्पोत चांद्याच्या जागी उभा राहून आलो, कारण बसायला जागा शेणानं भरली होती. इथं सगळे हसायचे. गोष्ट इथं संपायची.

या खेपेला मात्र प्रेरणा हसून झाल्यावर म्हणाली, “आबाजी, चार दिवसच काऊन? दोन दिवसांत नसती गेली का लंगड?”

“दोन दिवसांत जराशी राह्यते. चार पाह्यजेत.”

“आन् थंड पाणी की गरम?”

“थंड. गरमानं सूज वाढते.”

“आन् दहा पावलांच्या वर चालवलं असतं तर?”

“तर मंग बैल घरी वापस!” मी हसत सुटलो. मला किती बरं वाटलं काय सांगू. पोरगी इतक्या बारकाईनं विचारते, म्हणजे मन रमलं तिचं, असं मी आनंदाबाईला सांगितलंसुद्धा.

नोव्हेंबरात कुबड्या सुटल्या. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पाय फिरवून पाहिला, विचारलं, “दुखतं?” ती म्हणाली, “अजिबात नाही.” मग सपाटीवर हळूहळू चालायची परवानगी मिळाली. धावण्याचं पुढच्या तपासणीला ठरवू, म्हणाल्या. तारीख मिळाली डिसेंबरच्या सोळाची.

ती रोज सकाळी पांदणीनं, बैलगाडीच्या कच्च्या वाटेनं, आमच्या शेतापर्यंत जायची आणि यायची. परत आली की घामाघूम, पण चेहरा फुललेला. “काहीच नाई दुखत, आबाजी. पाय नवा झाला.” घरात ताठ चालायची. मी गावात सांगत सुटलो की मार्चमधे पुन्हा डफडं काढा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी मी हरभऱ्याचं पाणी पाहायला निघालो. पाइप कुठंतरी सुटला होता आणि पांदणीवर पंचवीस-तीस पावलं चिखल झाला होता. काळ्या मातीचा चिखल म्हणजे त्याच्यावर चिमणी उतरली तरी लिहून ठेवतो. त्यात प्रेरणाच्या बुटांचे ठसे होते. जातानाचे आणि येतानाचे.

मी जन्मभर बैलांचे खूर पाहिले. माणसं बैलाच्या तोंडाकडे पाहतात, मी आधी जमिनीकडे पाहतो. जातानाचे ठसे बरे होते. येतानाच्या ठशांशी मी थांबलो. डाव्या पायाचा ठसा खोल, पुरा, टाचेपासून बोटांपर्यंत. उजव्याची टाच उमटलीच नव्हती. आणि उजव्यानंतरचा डावा ठसा फार जवळ पडलेला, घाईनं, उजव्यावर भार राहूच नये म्हणून लगबगीनं टाकलेला. एका ठिकाणी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीच्या फांदीला धरून ती उभी राहिली होती. फांदीची साल निघाली होती, आणि खाली नुसता डावा ठसा, एकाच जागी चार वेळा वळलेला.

हरभऱ्याचं पाणी वाहत राहिलं. मी तिथल्या तिथं वळलो, आणि वळताना, का कोण जाणे, तिचे ठसे तुडवू नये म्हणून कडेकडेनं आलो.

घरी ती ओट्यावर बसून पुस्तक वाचत होती. “पाणी झालं का, आबाजी?”

“झालं,” मी म्हणालो.

“आज शेवटपर्यंत गेलती मी. काहीच नाई.”

मी चपला काढून आत गेलो. डॉक्टरांना सांगावं तर तिची शेवटची खेप जाते. न सांगावं तर तो खुरप्याचा दांडा. त्या रात्री जेवताना मी मुकाट्यानं जेवलो. आनंदाबाईनं माझ्या कपाळाला हात लावला. “ताप तं नाई वाटत. मंग गोष्ट काऊन नाई सांगितली?”

“आठवली नाई.”

“तुमाले?” ती म्हणाली, आणि माझ्याकडे नीट पाहत राहिली. पण तिलाही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं रडून सगळं गाव गोळा केलं असतं.

बारा तारखेपासून प्रेरणानं सकाळचं फिरणं बंद केलं. “अभ्यास हाय, आबाजी.” खाटेवर पाय लांब करून पुस्तक घेऊन बसायची. दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर तिनं जांघेवरचा ओला टॉवेल चटकन चादरीखाली घेतला. बादलीत माठातलं थंड पाणी. मी पाणी न पिताच बाहेर आलो. बारा, तेरा, चौदा, पंधरा. चार दिवस. मी बोटांवर मोजले. ही अक्कल तिला अकादमीत शिकवली नव्हती. ती माझ्या तोंडून गेली होती, हसत हसत, वारंवार, बारकाव्यांसह.

सोळा तारखेला सचिन गाडी घेऊन आला. दवाखान्याच्या आवारात शिरताना ती म्हणाली, “बाबा, अगदी दाराशी लावा. पार्किंगमधून नको.” सचिन म्हणाला, “अवं, चाल ना तेवढं, डॉक्टरनं चालाले सांगितलं.” ती म्हणाली, “दाराशी.” मी मागच्या सीटवर, तिच्या शेजारी. मला टेम्पो दिसत होता.

सचिन चिठ्ठी काढायला गेला. आमचा नंबर यायला वेळ होता. बाकावर मी आणि ती.

“प्रेरणा,” मी म्हणालो, “चांद्याची गोष्ट पुरी नाई सांगितली मी तुले कधी.”

ती माझ्याकडे वळली नाही. “पुरी हाय ती. टेम्पोत शेणापाशी संपते.”

“नाई संपत. वर्षभरानं मी गिरडच्या डोंगरावर दर्ग्याले गेलतो. पायथ्याशी चहाच्या टपरीवर एका माणसानं मले ओळखलं. तोच. ज्यानं चांद्या नेला तो.”

“आबाजी, गोष्ट आता बदलू नका.”

“त्यानं मले चहा पाजला. एक शब्द वाकडा नाई बोलला, बाई. मीच विचारलं, बैल कसा हाय? तो म्हणे, तिसऱ्या दिवशी वखराले जुंपला, आन् दुपारी मधातच बसला. खांद्यातून पाय गेला. दोन महिने तीन पायांवर उभा होता गोठ्यात. मंग उभा नाई राह्यला. रोज त्याले कूस बदलून देत होतो, म्हणे. मी आन् बायको.”

प्रेरणानं ओठ आवळले होते.

“त्यानं मले दोष नाई देल्ला. त्याले वाटलं, त्याच्याच हातून झालं. मी चहा पिलो आन् उठलो. त्याले सांगितलं नाई. तुले नाई, तुह्या आजीले नाई. लोक हसत आन् मी तिथंच थांबत होतो.”

“तुमी पाह्यलं,” ती हळूच म्हणाली.

“पांदणीत.”

तिनं डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ ओठ न हलवता म्हणाली, “थोडंसंच दुखते. पंधरा दिवसांत जाईन ते. तुमी आत बोलले, तं मी तुमच्यासंग जन्मभर बोलणार नाई. खरं सांगते.”

ती खरं सांगत होती हे मला कळलं. तेवढ्यात नंबर आला.

आत ती ताठ गेली. दारापासून टेबलापर्यंत दहा पावलं असतील की अकरा. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. “छान दिसतंय. दुखतं?”

“नाही मॅडम.”

“चालताना?”

“नाही.”

डॉक्टरांनी पेन उचललं. सचिन हसायला लागला होता. मी खुर्चीवरून उठलो आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “मॅडम, लिहाच्या आधी हिले बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालवा. जास्त नाई. चार चकरा.”

“बाबा, काय लावलं हे?” सचिन म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रेरणाकडे. प्रेरणाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “चल,” म्हणाल्या.

मी आजवर पुष्कळ वाट पाहिली आहे, पावसाची, निकालाची, बाळंतिणीच्या खोलीबाहेरची. पण त्या व्हरांड्यातलं ते चालणं! पहिली चक्कर सरळ. दुसरी सरळ. माझ्या मनात दोन भीती एकदम. सरळ चालली तर मी खोटा, आणि मार्चमधे हाड मोडणार. वाकडी चालली तर तिचं सगळं गेलं. आणि तिसरी भीती सगळ्यांत मोठी: मीच तिला चालायला लावलं, इथंच, माझ्यापुढंच मोडलं तर? तिसऱ्या चकरेला वळताना तिनं भिंतीला बोट टेकवलं. नुसतं एक बोट. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात डॉक्टर स्वतःच पुढे झाल्या आणि तिला दंडाला धरून म्हणाल्या, “बस. एक पाऊलही टाकू नकोस. खुर्ची आणा.”

चाकांच्या खुर्चीत बसताना तिनं माझ्याकडे पाहिलं. “बैल विकाच्या वेळेस गप्प राह्यले,” ती म्हणाली, “आन् माह्याच वेळेस तोंड उघडलं तुमी.”

मोठ्या मशीनमधे फोटो निघाला. भेग आता अर्ध्या हाडापर्यंत आली होती. डॉक्टरांनी सचिनला पडद्यावर दाखवलं. मी लांबून पाहिलं, मला काही दिसलं नाही, पण सचिनचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झालेला दिसला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तीन स्क्रू. धावायला सुरुवात केली असती तर आठ दिवसही लागले नसते, असं डॉक्टर म्हणाल्या. हाडात धातू बसला म्हणजे फौजेचं दार बंद. अर्जाची तारीख ती दवाखान्याच्या खाटेवर असतानाच गेली. मी त्या दिवशी शेजारच्या स्टुलावर बसून होतो. तिनं दिवसभर खिडकीकडे तोंड ठेवलं.

ती पुन्हा आमच्याकडेच आली, दुसरीकडे जाणार कुठं? पण माझ्याशी बोलणं बंद. आजीमार्फत निरोप चालायचे. “आजी, त्याईले सांग, रेडिओ हळू लावा म्हणा.” “आजी, त्याईले सांग, पेपर वाचून झाला असन तं इकडं द्या.” आनंदाबाई मधे उभी राहून कंटाळली. “मी काय तुमची पोस्टमन हाओ?” म्हणायची. सुमित्राबाई दही घेऊन आली की प्रेरणा तिच्याशी गंगीचं विचारायची. माझ्याशी नाही. एक दिवस मी तिला ऐकू जाईल असं आनंदाबाईला त्या एसटीच्या ड्रायव्हरचं नवं काहीतरी सांगायला लागलो. ती उठून, कुबड्या घेऊन, आत गेली. मी मधेच थांबलो.

दिवसभर मी मनात तेच उलटसुलट करायचो. मी तिचा पाय वाचवला, असं सगळे म्हणत. सचिन म्हणाला, काजलनं, माझ्या सुनेनं, फोनवर रडून म्हटलं. पण प्रेरणानं म्हटलं नव्हतं. आणि कधीकधी जेवताना घास हातात राहायचा. वाटायचं, तिचं म्हणणं खरं असतं तर? पंधरा दिवसांत गेलं असतं तर? डॉक्टरांनी पडदा दाखवला तरी हे वाटायचं. आनंदाबाईला एकदा विचारलं. ती म्हणाली, “मले काय इचारता? तिचा पाय, तुमचं तोंड. दोघंही घरात हायेत, ते बस हाय.”

मार्चच्या सुरुवातीला पूर्ण भार द्यायची परवानगी मिळाली. सावकाश, हातात काठी. तिनं बँकेच्या परीक्षेची पुस्तकं मागवली होती. वाचायची, पण पान उलटायला फार वेळ लागायचा. सकाळी अंगणात चालायची आणि मी तेव्हा मुद्दाम गोठ्यात जायचो. तिला वाटू नये की म्हातारा जमिनीकडे पाहतो आहे.

आजचीच गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी गोठ्यात गव्हाण झाडत होतो. मागे काठीचा आवाज आला आणि थांबला. मी वळलो नाही. निरोप असेल तर आनंदाबाई येईल, म्हटलं.

“आबाजी.”

अडीच महिन्यांनी. माझ्या हातातला खराटा तसाच राहिला.

“दुखून राह्यलं,” ती म्हणाली.

मी वळलो. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, काठी डाव्या हातात. चेहरा घाबरलेला. ही पोरगी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. निदान तिनं कधी मला पाहू दिली नव्हती.

“कुठं?”

“जांघेत नाई. बाजूनं. स्क्रूच्या जागी. कालपासून.” मग थोडं थांबून, “परवापासून. रात्री जास्त.”

“कोनाले सांगितलं?”

“तुमालेच सांगून राह्यली ना.”

मला इतका आनंद झाला आणि इतकी भीती वाटली, की दोन्ही एकाच वेळी कुठं ठेवावं ते कळेना. मी पाटीवरचं शेण झटकलं, पाटी उलटी केली आणि तिला बसायला दिली. ती बसली. उजवा पाय सरळ ठेवून. मीही खाली बसलो, गव्हाणीला टेकून. ती कुठं, कसं, केव्हापासून हे सांगत गेली आणि मी मधे एकही गोष्ट न सांगता ऐकत गेलो.

मग सचिनला फोन केला. त्यानं डॉक्टरांना विचारलं. स्क्रूच्या जागी असं होऊ शकतं, म्हणाल्या, पण पाहिल्याशिवाय सांगत नाही, घेऊन या. उद्या सकाळी निघायचं आहे. प्रेरणानं कागदावर सगळं लिहून काढलं आहे, कोणत्या दिवशी किती दुखलं ते, आणि माझ्याकडून वाचून घेतलं. एका ठिकाणी तिनं ‘थोडं’ लिहिलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पेन घेतलं, ‘थोडं’ खोडलं आणि ‘बरंच’ लिहिलं.